निवांत हाय का?

हौशी : एकदाचं ठरवलंय. पन्नाशीला तीन वर्षं उरलीत, तेवढी काढायची आणि पुणं सोडायचं. शिवाजी पेठेतलं घर आहे, आई आहे, गाठीला थोडंफार आहे. मिळकत निम्म्यावर आली तरी चालेल, पण डोळे उघडल्या उघडल्या काय काय राहिलंय याची यादी डोक्यात सुरू होते, ती बंद व्हायला पाहिजे. मला सुट्ट्या कमी नाहीत, मर्दा. शनिवार-रविवार आहे, वर्षाच्या रजा आहेत, त्यातल्या निम्म्या तर वाया जातात. पण शनिवारी किराणा, गाडीचं सर्व्हिसिंग, मुलीचा क्लास; आणि रविवारी दुपारी जेवून उठलो की सोमवार अंगावर यायला लागतो. कोल्हापुरात ओळखीचा माणूस रस्त्यात भेटला की 'कसा आहेस' म्हणत नाही, 'निवांत?' म्हणून विचारतो. आणि पलीकडचाही 'निवांत' म्हणतो. ज्या गावात रामरामाच्या जागी हा शब्द आहे त्या गावाला काहीतरी उमगलेलं आहे. शब्दाचं मूळही बघ. निवात, म्हणजे जिथं वारा लागत नाही अशी जागा. समईची ज्योत तिथं हलत नाही. मला तसं बसायचंय.

शंकेखोर : वारा लागत नाही म्हणजे वारा पडलाय असं थोडंच आहे? मध्ये कुणीतरी भिंत बांधलेली असते. ती भिंत कोण, हे तू बघितलेलं नाहीस, कारण तू येतोस वर्षातून चारदा. दिवाळी, जोतिबाची यात्रा, एखादं लग्न, आणि काकूंचं काही दुखलं-खुपलं तर. तुझ्यासाठी मी दुकान बंद ठेवतो, तेवढा वेळ तू मला बघतोस. म्हणून तुला मी निवांत वाटतो. एकदा शनिवारी संध्याकाळी उद्यमनगरात ये. शिरोलीच्या फौंड्रीतून सकाळी यायचं कास्टिंग चार वाजता येतं, पुण्याला माल मंगळवारी पोचायचा असतो, आणि मधे ज्यानं ज्यानं उशीर केला त्या सगळ्यांचा हिशेब माझ्या लेथवर येऊन थांबतो. तुझ्या शनिवार-रविवारच्या गाड्यांचे पार्ट, लेका, माझ्या शनिवार-रविवारी निघतात.

आमची सुट्टी सोमवारी. औद्योगिक भागांना वेगवेगळे वार वाटून दिले ते विजेचा भार एकाच दिवशी पडू नये म्हणून. बायको शाळेत शिकवते, तिचा रविवार. पोरगा कॉलेजात, त्याचाही रविवार. म्हणजे आमच्या घरात आठवड्याला दोन सुट्ट्या आहेत आणि एकही नाही. सोमवारी मी एकटाच. झाकून ठेवलेलं गरम करून खातो, पेपर वाचतो, झोपतो. कुणी हाक मारत नाही, ज्योत अगदी हलत नाही. पण ती रिकामी खोली आहे. आणि 'निवांत?' म्हणून विचारणाऱ्याला खरं उत्तर नको असतं, हेही सांगतो. मी एकदा एकाला म्हणालो, 'न्हाई, लई ताणात आहे.' तो गांगरला. 'बरं, चालू दे निवांत,' म्हणाला आणि किक मारून गेला.

हौशी : हसलो, पण हे तू माझ्याच बाजूनं बोललास. 10 जून 1890 ही तारीख तुला माहीत असेल. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या रेट्यामुळं मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्या दिवशी. माणूस सत्यशोधक, जोतीराव फुल्यांच्या मुशीतला. रविवार खंडोबाचा वार आहे, आमचं देवधर्माचं, समाजाचं काम त्या दिवशी असतं, असा युक्तिवाद त्यांनी केल्याचं सांगतात. आता बघ, नुसता अंग टाकायला दिवस हवा असता तर मालक म्हणाले असते, घ्या बाबांनो, तू मंगळवारी घे, तो गुरुवारी घेईल, यंत्रं चालू राहू देत. लोखंड्यांना सगळ्यांचा एकच वार पाहिजे होता. कारण एकट्याची सुट्टी ही रजा असते, सगळ्यांची मिळून असली तर सण होतो.

आपल्या लहानपणी शाहू मिलचा भोंगा व्हायचा, आठवतं? 1906 सालची मिल, आपल्या आज्ज्यांच्या काळापासून गावाचं घड्याळ तीच. भोंगा झाला की आई तवा ठेवायची. पाच-दहा मिनिटांत गल्लीत सायकलींची रांग, बाबा त्यात. कुणी पायरीवर, कुणी कट्ट्यावर, सगळ्यांचे हात एकाच वेळी मोकळे झालेले. ठरवून भेटायला लागायचं नाही. आता मला माझ्या सख्ख्या मित्राबरोबर चहा प्यायचा तर तीन आठवडे आधी दोघांची कॅलेंडरं जुळवावी लागतात, आणि ऐन वेळी एकाची मीटिंग निघते. मी म्हणतो ते हे आहे. वेळ माझ्याकडेही असतो, पण सगळ्यांचा मिळून असलेला वेळ पुण्यात मला कुठं सापडत नाही. इथं फुटबॉलचा हंगाम लागला की शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच बघायला दुकानाची शटर अर्ध्यावर ओढून माणसं येतात. शेजारी बसलेला कारखानदार की हमाल, कोण विचारतं? ज्या राजानं ती मिल काढली, राधानगरीचं धरण हाती घेतलं, त्यानंच 1912 साली खासबागेचं कुस्तीचं मैदान उभं केलं आणि अल्लादिया खाँसाहेबांना दरबारात मान दिला. काम आणि रिकामपण अशी दोन वेगळी खाती त्याच्या डोक्यात नव्हती. आपल्याकडं छंद हा शब्दही फारसा चालत नाही. नाद म्हणतात. छंदाला वेळ काढावा लागतो. नाद लागला की वेळ त्याचा तोच निघतो.

शंकेखोर : निघत नाही, दुसऱ्याच्या ताटातून काढला जातो. तू खासबागेचं नाव घेतलंस म्हणून कुस्तीचंच सांगतो. तालमीतलं पोरगं पहाटे चारला उठतं, हजारांनी जोर-बैठका मारतं, लाल मातीत घुसळून निघतं. त्याला नाद म्हण, तपश्चर्या म्हण, निवांतपणा म्हणू नकोस. आणि त्याचा खुराक घरून येतो. दूध, तूप, बदाम. ज्या घरात दोन लिटर दूध असतं आणि एक पोरगा तालमीत असतो, त्या घरात बहिणीच्या वाटणीला काय येतं हे कुणी फळ्यावर लिहीत नाही. मैदान मारल्यावर गळ्यात हार पडतो, चांदीची गदा खांद्यावर येते. बरोबरच आहे. पण दुधाचं काय झालं, हे मी विचारणार.

आणि त्या कट्ट्यावर, ज्याची तू एवढी आठवण काढतोस, तिथं तुझी आई कधी बसली होती का? भोंगा झाल्यावर सगळ्यांचे हात मोकळे झाले म्हणालास. तुझ्या आईचे हात तर त्याच भोंग्यावर कामाला लागले. तूच सांगितलंस, तवा ठेवायची. गल्लीतल्या अर्ध्या माणसांची सुट्टी झाली ती उरलेल्या अर्ध्यांची पाळी सुरू झाली म्हणून. अजूनही तेच आहे. रंकाळ्यावर संध्याकाळी बायका दिसतात, खूप दिसतात, पण चालताना दिसतात. शुगरसाठी, गुडघ्यासाठी, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून. काहीही कारण नसताना पाण्याकडं तोंड करून एकटीच तासभर बसलेली बाई मला दाखव. बसली तर ओळखीचं कुणीतरी हटकतंच, 'काय ओ, बरं हाय नव्हं?' पुरुष बसला की निवांत आणि बाई बसली की काहीतरी बिनसलंय. रविवारी तांबडा-पांढरा ओरपून 'नाद खुळा' म्हणून तू आडवा होतोस, तेव्हा मसाला कुणी वाटला, आळणी कुणी उतरवलं आणि भांडी कुणी घासली? तुझी बिनवाऱ्याची जागा म्हणतोस ना, ही तिची भिंत.

(इथं लेखकाला तोंड घालायचा मोह आवरत नाही. रंकाळ्याच्या काठावर मी गेल्या पंधरवड्यात मुद्दाम बघितलं. एकट्या बसलेल्या दोन दिसल्या. दोघींच्या हातात फोन होता, आणि दोघी तो बोलायला नव्हे, तर बसायचं कारण म्हणून धरून होत्या असं मला वाटलं. चूकही असेल.)

हौशी : मान्य. आईचं मी तसं कधी बघितलं नव्हतं. पण मग भिंत कुठं नाही? पुण्यात मी रात्री अकराला फोनवर बोट टेकवतो आणि वीस मिनिटांत दारात जेवण येतं. आणणारं पोरगं हेल्मेटही काढत नाही. त्याचा चेहरा मी बघितलेला नाही, बघायची वेळच येत नाही. इथं निदान भिंतीला नाव असतं. रात्री जेवण झाल्यावर गंगावेशीत दुधाला जातो आपण. म्हैस रस्त्याच्या कडेला उभी असते. मालक उकिडवा बसतो, कास धुतो, आणि ग्लास थेट आचळाखाली धरतो. पहिल्या दोन धारा काचेवर वाजतात, मग फेस चढला की आवाज बुजतो. वर दोन बोटं फेस, ओठाला कोमट. तो माणूस मला ओळखतो. 'मुलगी कितवीला गेली?' विचारतो. त्याच्या घरी लग्न निघालं तर चार दिवस तो येत नाही, आणि गिऱ्हाईक पुढच्या म्हशीकडं जातं. कुणी त्याचे तारे कापत नाही. त्याच्या न येण्याला कारण आहे हे सगळ्यांना माहीत असतं. हा फरक लहान नाही.

शंकेखोर : नाव माहीत असल्यानं त्याचे तास कमी होत नाहीत. तो पहाटेपासून उभा आहे, वैरण आणून, शेण काढून, धारा काढून. शेण बहुतेक बायको काढते, ते जाऊ दे. तू नावानं हाक मारलीस म्हणून त्याला एक तास झोप जास्त मिळाली का? ओळख ही फार गोड गोष्ट आहे, पण तिनं शरम वाटते, तास वाटले जात नाहीत.

आणि तासांचंच निघालं तर सांगतो. ऑक्टोबर 2023 मध्ये नारायण मूर्ती तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं म्हणाले, जानेवारी 2025 मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांच्या तोंडून 90 चा आकडा बाहेर पडला. तुम्हा लोकांत केवढा गहजब झाला! मी दुकानातल्या पोरांना वाचून दाखवलं. त्यातला एक म्हणाला, 'मालक, आपलं किती भरत्यात?' मोजले. माझे 72 भरले. पुढं त्याच वर्षी सप्टेंबरात राज्याच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातला दिवस नऊ तासांवरून बारापर्यंत न्यायला मंजुरी दिली, कामगाराची लेखी संमती घेऊन. संमती! नको म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी काम असतं का, हे कुणाला विचारायचं?

पण एक गोष्ट आहे, ती तुला पटायची नाही. माझ्या 72 तासांत थोडा निवांतपणा आहे, आणि तो तुझ्या कट्ट्यावर नाही. जॉब चकमध्ये धरला, डायल लावून फिरवला, काटा हलायचा थांबला, आणि शेवटचा कट सुरू केला, की त्या चार-पाच मिनिटांत मला कर्ज आठवत नाही, पोराची फी आठवत नाही. टूलच्या तोंडातून चीप निळी होऊन वेटोळं घेत सुटते, कूलंटचा वास येतो, आवाज एकसुरी. मग मशीन थांबवायचं, मायक्रोमीटर लावायचा. बसला! ते काम सरलं. पेटीत ठेवलं, हात पुसले, चहा. तुझं काम सरतं का कधी? एक तिकीट बंद केलंस की दुसरं उघडतं, असं तूच सांगतोस. तुझं दुखणं तासांचं नाहीच. तुझ्या कामाला काठ नाही. ते तसलंच काम तू कोल्हापुरात घरी लॅपटॉपवर करणार असशील, तर फक्त वारा पुण्याऐवजी पंचगंगेवरून येईल.

हौशी : हे मात्र मी धरून ठेवतो. काठ नाही. पण त्याचं औषध काम सोडणं नाही, गाव बदलणं नाही, तर काय? सगळ्यांनी लेथ चालवायचा? आणि तुझ्या दुकानात हेल्पर आहे, तो दिवसभर फक्त बर घासतो. त्याला येतो का तो निवांतपणा? तुला येतो, कारण शेवटचा कट तू घेतोस.

शंकेखोर : नाही येत. त्याला विचारलं होतं. म्हणाला, पाच वाजले की येतो.

हौशी : मग तो माझ्या बाजूचा झाला! त्याला घराकडं जाताना कट्टा लागतो, बंद पडलेल्या भोंग्याची उणीव तुझ्यापेक्षा त्याला जास्त असणार. आता दुसरं सांग. ऑगस्ट 2019. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, मग 50, मग 55. हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली. मी साताऱ्यापर्यंत येऊन परत गेलो. तू फोनवर म्हणाला होतास, 'भीती सोडली तर असला आठवडा आयुष्यात बघितला नाही.' ते का म्हणालास?

शंकेखोर : म्हणालो होतो खरं. माझ्या दुकानात पाणी नव्हतं म्हणून म्हणू शकलो, हे आधी लिहून घे. बापट कॅम्पातल्या कुंभारांच्या गणपतीच्या मूर्ती तीन-चार आठवड्यांवर सण असताना चिखल होऊन बसल्या; त्यांना जाऊन सांग आठवडा बरा गेला म्हणून. पण आमच्या पेठेत काय झालं, की कुणालाच कुठं जाता येईना. मशीन बंद, शाळा बंद, बँक बंद. मंडळाच्या हॉलमध्ये पूरग्रस्तांचं जेवण सुरू झालं. मी चार दिवस कांदा चिरला. बायको हिशेब लिहायला बसली, खुर्चीवर, आणि तिच्या पुढ्यात चहा मी नेऊन ठेवला. दमत होतो रोज, कंबर धरली होती. निवांत नव्हतं कुणी. पण मोकळे होते.

मराठीला हे बारीक फरक कळतात बघ. रिकामा म्हणजे ज्याला काम नाही; ती शिवीच आहे, तिला टेकडाही जोडतात. सवड म्हणजे कामाच्या फटीतून चोरलेला वेळ. निवांत म्हणजे आडोशाला बसलेला. आणि मोकळा म्हणजे ज्याच्यावर दुसऱ्या कुणाचा दावा नाही, जो आपणहून कशालाही हात लावू शकतो. तू निवांत व्हायला येतोयस की मोकळा व्हायला? निवांत व्हायला आलास तर कुणाला तरी तुझी भिंत व्हावं लागेल. आणि ती कोण, हे मला आत्ताच दिसतंय.

हौशी : आईचं म्हणतोस. पण मी तिच्यासाठीच तर यायचं म्हणतोय. सत्त्याहत्तर वय. एवढ्या घरात एकटी. मी असलो की तिला सोबत.

शंकेखोर : तिला विचारलंस?

हौशी : विचारायचं काय त्यात?

शंकेखोर : मी सोमवारी जातो कधीकधी काकूंकडं. तुला सांगितलं नव्हतं. एकट्याला घर खायला उठतं म्हणून जातो, उपकार म्हणून नाही. काका गेल्यानंतरचं पहिलं वर्ष काकूंना जड गेलं. मग काय झालं माहीत नाही, पण आता मंगळवारी भजनी मंडळ आहे, शुक्रवारी अंबाबाईला जाऊन येतात आणि येताना मैत्रिणीकडं दोन तास बसतात. दुपारी एक पोळी, ताक-भात. कधी तेही नाही, दाण्याचा लाडू आणि केळं. मी गेलो की उठत नाहीत. 'चहा तूच टाक, मला उठवू नको,' म्हणतात. वर्षानुवर्षं भोंग्यावर तवा ठेवलेली बाई, तिला कुणी तरी घरात असूनही उठायचं नाही हे पहिल्यांदा जमतंय. तू आलास की जमणार नाही. तू काही मागणार नाहीस, मला माहीत आहे. म्हणशील, आई, मी करतो. पण सकाळी सातला स्वयंपाकघरात भांडं वाजेल, कारण पोरगा घरात आहे आणि त्याला थालीपीठ आवडतं. गावात निवांत काय असतं ते आत्ता त्या एका घरात मला दिसतं, आणि तू तिथंच राहायला यायचं म्हणतोस.

हौशी : हे लागलं. पण लागलं म्हणून खरं आहे असं नाही. एखादीला उठावंसं वाटत असेल तर? भांडं वाजवण्यातही तिचं काही असेल. तुझा शेवटचा कट असतो, तिचं थालीपीठ असेल. तिचं सगळं कष्टात मोजून तूही तिला न विचारताच ठरवलंस की.

शंकेखोर : विचारलं नाही, खरं आहे.

हौशी : बायकोलाही विचारायचंय. तिची नोकरी पुण्यात, मुलीची बारावी. मी ठरवलं असं सगळ्यांना सांगत सुटलोय. आत्ता मोजलं तर ठरवणारा मी एकटाच निघालो. एक सांगतो, तरीही. 6 मे 2022, शाहू महाराजांच्या स्मृतीला शंभर वर्षं झाली तेव्हा सकाळी दहाला सगळं कोल्हापूर 100 सेकंद जागच्या जागी थांबलं होतं. मी फोनवर बघितलं. चौकात रिक्षावाला खाली उतरून उभा, टोपली घेतलेली भाजीवाली उभी, पोलीस उभा. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, परत जायचं. कुणाची भिंत नव्हती त्यात. सगळेच थांबलेले.

शंकेखोर : चकमध्ये जॉब होता माझ्या. बंद केलं मशीन. 100 सेकंद लांब असतात रे. शेजारच्या दुकानात भिंतीवर घड्याळ आहे हे मला त्या दिवशी कळलं. वीस वर्षं शेजारी आहे, टिकटिक कधी ऐकली नव्हती. मग कुणीतरी स्टार्टर दाबला. असं कर, ये. तीन वर्षांनी नको, या महिन्यातच ये, आणि काकूंकडं दोघं जाऊ. चहा आपण टाकू आणि विचारू त्यांना. फक्त सोमवारी ये, रविवारी मी दुकानात असतो.

हौशी : सोमवारी मला ऑफिस आहे.